शाळेत आलेल्या खाटा

धुळ्याचं घर सोडून मी धरणगावला शिक्षिका म्हणून गेले तेव्हा साठचं दशक संपत आलं होतं. मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती आणि एका मारवाडी कुटुंबाच्या माडीवर राहायला खोली मिळाली होती. खोलीला एकच खिडकी. ती रस्त्यावर उघडायची. दिवाळीच्या सुमाराला कापसाच्या गाड्या त्या रस्त्याने जिनिंगच्या कारखान्याकडे जायला लागत आणि हवेत बारीक रुई तरंगू लागे. दोरीवर वाळत घातलेल्या पातळाला, केसांना, पाण्याच्या हंड्याच्या ओल्या काठालाही ती चिकटायची. मी नवीन होते, एकटी होते, आणि त्या रुईमुळे मला ते सगळं गावच थोडं जमिनीवरून उचललेलं वाटायचं.

घरमालकीणबाईंना घरात आणि गावात जीजी म्हणत. पन्नाशीच्या, विधवा, फिकट रंगाचं लुगडं, अंगावर सोन्याचा मणी नाही. कापसाची अडत दीर आणि मुलगा बघत. जीजी घर बघत, आणि घर आवरलं की गाव बघत. त्यांचं मराठी स्वच्छ होतं, फक्त रागावल्या की मारवाडीत रागावत, म्हणजे मला कळू नये असं काही असलं तर तेवढ्यापुरतं कळत नसे.

एका दुपारी त्या माडीवर आल्या. जळगावच्या एका धर्मादाय संस्थेची माणसं त्यांना भेटून गेली होती. संस्था खेड्यापाड्यात मोतीबिंदूची शिबिरं भरवायची. डॉक्टर, हत्यारं, औषधं आणि नंतरचे चष्मे संस्थेचे. जागा, खाटा, अंथरूण-पांघरूण, जेवण आणि माणसांचे हात गावाचे.

"तुमची शाळा दिवाळीत रिकामी असते ना?" जीजी म्हणाल्या.

"असते."

"मग मोठ्या बाईंना विचारा. आणि सुट्टीत धुळ्याला जाल तर भाऊबीज झाली की परत या."

विनंती होती की हुकूम, ते मला कळलं नाही. पण मी हो म्हणाले. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकाही, हो म्हणाल्या.

बाजारपेठेतल्या शेठ लोकांनी खाटांचा प्रश्न एका बैठकीत मिटवून टाकला होता. आम्ही नव्या खाटा विकत घेऊन देतो, म्हणाले. जीजींनी दाराआडून ऐकलं आणि दिराला आत बोलावून सांगितलं, "विकतच्या खाटा आल्या तर शिबिर चार घरांचं होईल. घराघरातून आल्या तर गावाचं होईल. तुम्ही डाळ-तांदूळ द्या, दूध द्या. खाटा मी मागते."

आणि भाऊबीज उलटल्याबरोबर आम्ही दोघी मागायला निघालो.

मला वाटलं होतं, दारात उभं राहायचं, खाट मागायची, पुढे जायचं. जीजी तसं करत नसत. त्या ओट्यावर बसत. पाणी मागून पीत. घरातल्या म्हातारीची चौकशी करत, सुनेच्या हातचा चिवडा चाखत, आणि मग निघताना, जणू आत्ताच आठवल्यासारखं, शिबिराचं सांगत. "एक खाट आठ दिवसांपुरती. जशी नेऊ तशी परत." कुणी लगेच हो म्हणे. कुणी म्हणे, मालक शेतातून आले की विचारते. एका आळीत खाट मागितली तर तिघी शेजारणींनी मिळून एक दिली, कारण एकीची चौकट चांगली होती, दुसरीकडे सुंभ होतं आणि तिसरीच्या नवऱ्याला विणता येत होतं. विणकरांच्या वस्तीत एका म्हाताऱ्याने खाट दिली नाही. ती त्याच्या बायकोची होती, ती जाऊन वर्ष झालं नव्हतं. जीजी म्हणाल्या, "राहू द्या बाबा, ती घरातच असू द्या." दोन घरं पुढे गेलो असू, तो म्हातारा मागून आला. त्याच्या हातात घरी विणलेल्या चादरी होत्या, कोऱ्या, घडीच्या.

गावाच्या कडेला, ओढ्याजवळ, कापूस वेचायला जाणारी एक बाई एकटी राहायची. तिच्याकडे आम्ही मागायला गेलो नव्हतो, वाट तिकडून होती एवढंच. तिने हाक मारली. आत गेली आणि गोधडी घेऊन आली. जाड, रंगीबेरंगी तुकड्यांची, कडेला लाल धाग्याची दुहेरी शिवण. दारातून घराच्या आतलं सगळं दिसत होतं. दोरीवर पांघरूण म्हणून दुसरं काहीच नव्हतं.

जीजींनी गोधडीवरून हात फिरवला. "छान शिवलीस. पण ठेव तुझ्याकडे. आता रात्रीचा गारठा पडायला लागला."

बाईचा चेहरा उतरला. "बठ्ठासनं लेतस," ती म्हणाली, "मनंच कसाले नही?" सगळ्यांचं घेता, मग माझंच का नाही, असं ती अहिराणीत विचारत होती.

"अगं, तू काय पांघरशील?"

"ते मी दखसू. गरीबनं पुन्य बी गरीबच ऱ्हास का, जीजी?"

जीजींनी गोधडीची घडी तिच्या हातात परत ठेवली. आम्ही निघालो. संध्याकाळी जीजी जेवल्या नाहीत; त्या नेमाने सूर्यास्ताआधी जेवत आणि त्या दिवशी सूर्य मावळून गेला तरी चौकटीला टेकून बसून राहिल्या.

सकाळी त्यांनी मला उठवलं. रस्त्यावर धुकं होतं, ओढ्यावर तर इतकं दाट की पलीकडची बाभळ नुसती सावली वाटत होती. ती बाई दारात शेणाचा सडा घालत होती. जीजी तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"काल मी चुकले," त्या म्हणाल्या. "मागायला आले आहे. गोधडी दे."

बाईने हातातली बादली खाली ठेवली. हात धुतले, लुगड्याला पुसले. "देसू," ती म्हणाली. "पन गोधडी जाई तठे मी बी येसू. मंग माले थंडी कशी वाजी?"

आणि ती आलीच. शिबिर उठेपर्यंत ती शाळेत राहिली, आणि तिच्या गोधडीखाली जो कोणी झोपला त्याच्या खाटेशेजारी राहिली.

खाटा आल्या त्या दिवसाचं मला अजूनही नीट सांगता येत नाही. सकाळी ऊन कोवळं असताना त्या गल्लीगल्लीतून निघाल्या. पुरुषांच्या डोक्यावर पालथ्या घातलेल्या, चार पाय आभाळाकडे. खालची माणसं खाटांच्या सावलीत झाकलेली, त्यामुळे दुरून वाटे की खाटाच आपापल्या पायांनी शाळेकडे चालल्या आहेत. पायरीवर मी उभी होते. ओळख पटावी म्हणून प्रत्येक घराने आपल्या खाटेला काहीतरी खूण केली होती. कुणी हिरवी चिंधी बांधली होती, कुणी चुन्याचं बोट ओढलं होतं, एकीने हळदीकुंकू लावलं होतं, जणू लेक सासरी पाठवली. बाकं आम्ही आधीच व्हरांड्यात रचली होती. वर्ग रिकामे होते, फळ्यावर सुट्टीआधीचं शेवटचं शुद्धलेखन तसंच होतं. त्या फळ्याखाली खाटा लागल्या, गोधड्या पसरल्या, आणि माझा वर्ग मला अनोळखी झाला.

मग गाड्या आल्या. आसपासच्या गावांतून बैलगाड्या, त्यांत म्हातारी माणसं, डोळ्यांवर हात धरलेली. त्यांतच तापीकडच्या एका गावाहून आलेली एक आजी होती. तिच्या गावात तिला अक्का म्हणत, मग आम्हीही अक्का म्हणू लागलो. सोबत सून. अक्काला चार-पाच वर्षांपासून दिसत नव्हतं. मुलाचं लग्न नंतर झालं, त्यामुळे सुनेला तिने कधी पाहिलंच नव्हतं. आवाज ओळखीचा, बांगड्या ओळखीच्या, हातची भाकरी ओळखीची. सून शांत होती, विचारलं तेवढंच बोलायची, आणि अक्काचा हात तिच्या खांद्यावर इतका सवयीने बसलेला असे की तो तिच्या पदराचाच भाग वाटे.

शास्त्राच्या वर्गात पांढऱ्या चादरी लावून डॉक्टरांनी जागा केली होती. जळगावहून आलेले ते डॉक्टर कमी बोलत आणि हळू चालत. एकेकाला आत नेत, आणि बाहेर आणत तेव्हा त्याचे दोन्ही डोळे पट्टीने बांधलेले असत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवायच्या, मान हलू नये म्हणून. त्या पिशव्या आम्ही शिक्षिकांनीच जुन्या पातळांच्या शिवल्या होत्या. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं होतं: यांनी उठायचं नाही, वाकायचं नाही, खोकायचं नाही, जोरात हसायचं नाही, कडक काही चावायचं नाही. टाके उसवले तर सगळं वाया.

आणि नेमकं त्याच दिवसांत गाव फराळ घेऊन लोटलं. दिवाळी नुकतीच झालेली, प्रत्येक घरात चकल्या, कडक शेव, शंकरपाळे. पाट्याच्या पाट्या आल्या. ज्यांच्यासाठी त्या आल्या त्यांच्यापैकी कुणालाही चावायची परवानगी नव्हती. जीजींनी एकही पाटी परत पाठवली नाही. ओढ्याजवळच्या त्या दारात त्या जे शिकल्या होत्या ते आता विसरणार नव्हत्या. रुग्णांना शिरा, मऊ खिचडी आणि दूध, आणि चकल्या सोबत आलेल्या नातेवाइकांना. आठवडाभर शाळेच्या पायऱ्यांवर सतत कुरुमकुरुम आवाज येत राहिला.

माझी पाळी दुपारची होती. जेवणं आटोपली की नातेवाईक झाडाखाली आडवे होत. गोधडीवाली बाई दाराशी बसून डुलक्या घेई. लांब वर्गात खाटांच्या दोन रांगा, प्रत्येक उशीवर पांढऱ्या पट्टीचं डोकं, कोणी हलत नाही. वर कौलांच्या फटींतून उन्हाच्या काठ्या खाली आलेल्या, त्यांत रुईचे तंतू हळूहळू चढत-उतरत. कबुतरं घुमत. रस्त्यावरून कापसाची गाडी गेली की चाकांचा आवाज लांबून यायचा, मोठा व्हायचा, आणि विरताना किती वेळ विरत राहायचा.

"आते काय व्हई राहिनं व माय?" पहिल्याच दुपारी अक्काने विचारलं.

मी म्हणाले, "काही नाही अक्का. सगळे झोपलेत."

"मी कोठे झोपनू? सांग ना. काय दिखस ते सांग."

मी आजूबाजूला पाहिलं. सांगण्यासारखं काही नव्हतं. खिडकी होती, कडुनिंब होता. मी म्हणाले, बाहेर कडुनिंब आहे. ती म्हणाली, केवढा? मी नीट पाहिलं आणि सांगितलं, कौलांच्या वर गेलेला, एक फांदी खिडकीच्या गजांपाशी आलेली. पानं? पानं हिरवी, पण टोकाची कोवळी तांबूस. त्यावर काय बसलंय? काही नाही. थांबा, एक खार आहे. ती काय करते? ती मागच्या पायांवर बसून काहीतरी खाते आहे. चकलीचा तुकडा आहे बहुतेक.

शेजारच्या खाटेवरचे आबा फिस्सकन हसले. हे आबा गुरांच्या बाजारात बैलांची दलाली करायचे आणि त्यांना गंमत केल्याशिवाय जमत नसे. गोधडीवाली बाई झटक्यात उठून त्यांच्या खाटेशी आली. "आबा, हसू नका," मी घाबरून म्हणाले.

"हसत नई शे," आबा म्हणाले, "तोंडच तसं शे मनं."

मग मी खारीचं सांगायचं थांबवलं, कारण त्यात धोका होता. मी संथ गोष्टी सांगायला लागले. फरशीवरचं ऊन आता कुठल्या खाटेच्या पायाशी आलं. जीजी अंगणात उभ्या आहेत, त्यांच्या लुगड्याचा रंग वाळलेल्या मातीसारखा आहे. पाण्याची गाडी आली, बैलाच्या शिंगाला निळा रंग आहे. रांगेतले बाकीचेही ऐकायला लागले. कुणी काही बोलत नसे, पण मी थांबले की कुठल्या तरी खाटेवरून एखादा हात उठायचा आणि 'पुढे सांग' म्हणून हलायचा.

मला वाटतं त्या दुपारी मी प्रथमच काहीतरी पाहत होते. शाळेत मी रोज जात होते, पण कडुनिंबाच्या बुंध्यात पोपटाची ढोली आहे हे मला अक्काने विचारल्यावर दिसलं. आणि एकसारखं सांगत राहिलं की डोळे जड होतात. आवाज आपला आपल्यालाच लांबून यायला लागतो. तिसऱ्या की चौथ्या दुपारी मी उन्हाचं सांगता सांगता पांझरेच्या वाळूवर कधी गेले मला कळलंच नाही. मी सांगत होते की पाणी घोट्याएवढं आहे, बायका धुणं धुताहेत, वाळूत टरबुजांच्या वेलांसाठी खड्डे केलेत, आणि लांबवर लळिंगचा किल्ला निळसर दिसतो.

"नदी कोठे शे आठे?" आबांनी विचारलं.

मी दचकून जागी झाले. "नाही आबा. माझ्या गावाची आहे. धुळ्याची."

कोणी हसलं नाही. मग अक्का म्हणाली, "मंग ते बी सांग. पानी थंडं शे का?"

म्हणून मी पांझरा सांगितली. माझी आई नदीवर कुठे बसायची ते सांगितलं. लहानपणी माझा तांब्या वाहून गेला होता ते सांगितलं. घर सोडल्यापासून मी कुणापाशी घराबद्दल एवढं बोलले नव्हते. अंधारात पडलेल्या, मला कधीही न पाहिलेल्या त्या माणसांपाशी मी बोलले, आणि बोलून झाल्यावर धरणगावात मला एकटं वाटलं नाही.

पट्ट्या सोडायचा दिवस आला. खिडक्यांना कापड लावून उजेड कमी केला होता. डॉक्टर एकेका खाटेशी बसत, पट्टी हळूच उलगडत, पापणीवर ओला कापूस फिरवत आणि बोटं समोर धरत. पहिले आबा. त्यांनी डोळे उघडले, डॉक्टरांची बोटं बरोबर सांगितली, मग मान न हलवता नजर फिरवून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच का त्या नदीवाल्या बाई?" ते म्हणाले. "मी म्हटलं मोठ्या असतील."

एकापाठोपाठ एक पट्टी सुटत गेली. कोणी हात स्वतःच्याच डोळ्यांपुढे धरून बोटं उलटसुलट करून बघत होतं. एक म्हातारी सुंभाच्या विणीकडे टक लावून बसली होती. वर्गात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. सगळे कुजबुजत होते, जणू आवाजाने दिसणं जाईल.

अक्काची पाळी आली. सुनेने त्या सकाळी पिवळं लुगडं नेसलं होतं. तिचं लग्नाच्या वेळचं असावं, घडीच्या रेघा तशाच होत्या. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. डॉक्टरांनी पट्टी काढली, बोटं धरली.

अक्काची नजर बोटांवर ठरली नाही.

डॉक्टरांनी बोटं हलवली. मग बॅटरीचा उजेड टाकला, बराच वेळ आत पाहिलं. माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, मोतीबिंदू नीट निघाला आहे, पण आतला पडदा आधीच सुकलेला आहे, ते वरून कळायला मार्ग नव्हता. आकार दिसणार नाहीत. उजेड कळेल, थोडा रंग कळेल.

मी ते अक्काला कसं सांगणार होते? आठवडाभर सगळं मीच सांगत आले होते. मी तिच्या खाटेवर बसले आणि डॉक्टर म्हणाले तसंच सांगितलं, शब्द न बदलता.

तिने ऐकलं. डोळे उघडे ठेवून ती समोर बघत राहिली. मग म्हणाली, "दार कोनता हातले शे? आठे का? आठे उजेड शे." खरंच दार तिकडेच होतं. आणि मग, पायथ्याकडे चेहरा वळवून, "तू पिवयं नेसनी शे का व?"

सून इतके दिवस एकदाही मोठ्याने बोलली नव्हती. ती खाली बसली, तोंडात पदर कोंबून रडली. अक्का म्हणाली, "रडू नको. पिवयं दिखी राहिनं माले."

त्या दिवशी मी जीजींशी भांडले. म्हणाले, एवढं गाव राबलं आणि तिच्याच वाट्याला हे. जीजी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही खाट दिली बाई. डोळे देणारे आम्ही कोण?" मग थोड्या वेळाने, सूप खाली ठेवून, त्यांनी एवढंच सांगितलं की मारवाडात त्यांची आई आंधळी होऊन वारली. तिला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, कारण नेता येतं हेच कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी हे मला एकदाच सांगितलं.

खाटा परत गेल्या. गाड्या परत गेल्या. गोधडीवाल्या बाईने ओढ्यावर गोधडी धुतली आणि शाळेच्या भिंतीवर वाळत टाकली. दिवसभर ती तिथे रंगीत पडून होती. मग घंटा वाजली, मुली आल्या, आणि सुट्टीत शाळेत काय झालं ते विचारू लागल्या.

पुढच्या वर्षी मागायला फार फिरावं लागलं नाही. विणकरांच्या वस्तीतला म्हातारा स्वतः खाट घेऊन आला. कुठली खाट, ते आम्ही विचारलं नाही. गोधडीवाली बाई शिबिराच्या आदल्या दिवशीच येऊन वर्ग झाडून गेली. आणि पहिल्या सकाळी तापीकडची एक बैलगाडी शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. त्यात दुधाच्या चरव्या होत्या, ज्वारीची पोती होती, त्या गावाने जमवून दिलेली. पुढे पिवळ्या लुगड्यातली सून, कडेवर बाळ, आणि मागे अक्का.

"अक्का, तुमचं आता काही करता येणार नाही," मी तिला खाली उतरवताना म्हणाले. मला वाटलं, ती पुन्हा आशेने आली.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "मी कामले येल शे."

तिचं काम तिनेच ठरवलं होतं. शस्त्रक्रिया होऊन आलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या उशाशी ती बसायची. पट्टी बांधली की पहिल्या दिवशी माणूस फार घाबरतो, हात चाचपडतो, पट्टी ओढायला जातो. अक्का तो हात धरायची. "मना डोया बी बांधेल व्हता," ती सांगायची. "काही व्हत नही. ऐक, आते गाडी चालनी." तिला लांबून येणारी गाडी आमच्या आधी ऐकू यायची. कुणी तिला विचारलं, तुला मग दिसलं का, तर ती खोटं सांगत नसे. म्हणे, माले उजेड दिखस, तुले मानसं बी दिखतीन. आणि तो माणूस शांत व्हायचा.

त्या दुपारी मला काही काम उरलं नाही. मी व्हरांड्यात बाकावर बसून तिचा आवाज ऐकत राहिले. ऊन तसंच होतं, रुई तशीच तरंगत होती. ती कपाशीच्या शेताचं सांगत होती, बोंडं फुटल्यावर सकाळी दिसतं ते, तिने शेवटचं पाहिलेलं. मला झोप लागली.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी जळगावला आले. नवरा डाळ मिलमध्ये हिशेबनीस होता. घर दोन खोल्यांचं, शेजारी दाटीवाटीचे. तिथेच पहिल्या हिवाळ्यात त्या संस्थेचे लोक मला शोधत आले. त्या साली शिबिर पहूरला होतं. खाटांची सोय पहूरच्या लोकांनी केली होती. पाणी तापवायला मात्र मोठं भांडं हवं होतं, हत्यारं उकळायला आणि रुग्णांच्या आंघोळीला.

मी पदर खोचून बाहेर पडले, आणि पहिल्या दाराशी माझे पाय थबकले. धरणगावात जीजी पुढे असत. मागणं किती अवघड असतं ते मला कधी कळलंच नव्हतं. दार एका लेवा पाटलांच्या घरच्या बाईने उघडलं. आमची नुसती तोंडओळख होती. मी ओट्यावर बसले. पाणी मागून प्याले. तिच्या सासूची चौकशी केली. आणि मग मी सगळी युक्ती विसरले आणि सरळ म्हणाले, "आम्हाला पाणी तापवायला बंब हवा आहे."

तिने थोडा विचार केला. "माझा माहेरचा आहे," ती म्हणाली. "तांब्याचा. मोठा. पण तो रोज लागतो."

"मग राहू द्या."

"राहू द्या कसं? आठ दिवस चुलीवर तापवू." तिने आत जाऊन सासूला विचारलं. आतून बराच वेळ बोलणं ऐकू आलं. मग दोघींनी मिळून बंब बाहेर आणला, त्यातली राख झटकली, आणि चिंच लावून घासायला बसल्या. मी म्हणाले, घासायची काय गरज, तिथे काळाच होणार. सासू म्हणाली, "आपल्या घरचं दुसऱ्याच्या दारात जातंय. तसंच कसं पाठवायचं?"

सकाळी तो बंब एस.टी.च्या टपावर दोरीने बांधला. मी बसमध्ये खिडकीशी बसले होते. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना कपाशी सुरू झाली, पांढरी, ऊन पडायच्या आधीची. एका थांब्यावर मी पाय मोकळे करायला उतरले आणि वर पाहिलं. टपावर टोपल्या, गाठोडी, कोंबड्यांचं एक खुराडं, आणि त्यांच्यामध्ये तो बंब, ताठ बसलेला, सकाळच्या उजेडात लालसर चमकत. कंडक्टरने विचारलं, "बाई, लग्नाला का?"

"नाही," मी म्हणाले, "शिबिराला," आणि शिबिर म्हणजे काय ते त्याला पहूर येईपर्यंत सांगत राहिले.